सॅक बदलली तरी खांदे दुखतातच: कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांसाठी समस्या निवारण

तक्रार ठरलेली असते. कॅमेऱ्यासाठी म्हणून खास सॅक घेतली, पट्ट्यांना भरपूर फोम आहे, दुकानात अंगावर चढवली तेव्हा झकास वाटली. पण प्रत्यक्ष चालायला लागल्यावर तासाभरात खांदे भरून येतात, मान आखडते, आणि अंगठे आपोआप पट्ट्यांखाली जाऊन वजन उचलून धरायला लागतात. मग सॅकच वाईट ठरते आणि दुसरी येते. तिचा फोम आणखी जाड असतो. खांदे तेवढेच दुखतात, फक्त थोडे उशिरा.

फोमची जाडी वाढवून हे दुखणं जात नाही, कारण त्याचं मूळ बहुतेक वेळा दुसरीकडे असतं. सॅकची लांबी तुमच्या पाठीशी जुळत नसते, कमरेचा पट्टा वजन घेतच नसतो, किंवा कॅमेऱ्याचं सामान पाठीपासून लांब बसलेलं असतं. अनेकदा तिन्ही एकदम. त्यामुळे नवी शोधायच्या आधी हातात आहे ती सॅक तपासा. तपासताना ती नेहमीच्या सामानाने, पाण्यासकट, पूर्ण भरलेली हवी. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते.

आधी वजनकाटा

सामान एकेक करून काट्यावर ठेवा आणि आकडे लिहून काढा. अंदाज इथे हमखास फसतो, कारण कॅमेऱ्याचं सामान आकाराच्या मानाने फार जड असतं. सोनीची ए७ फोर ही बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) बॅटरी आणि कार्ड धरून सुमारे ६६० ग्रॅम भरते. तिच्याबरोबर सोनीच्याच जीएम मालिकेतल्या दोन लेन्स: २४-७० एफ २.८ (दुसरी आवृत्ती) ६९५ ग्रॅम आणि ७०-२०० एफ २.८ (तीही दुसरी आवृत्ती) १,०४५ ग्रॅम. इथेच २.४ किलो झाले. प्रवासी ट्रायपॉड सव्वा ते दीड किलो. जादा बॅटऱ्या, चार्जर, फिल्टर मिळून अर्धा किलो. हे सगळं ज्यात बसतं तो फोमचा क्यूब आणखी अर्धा किलो. दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो. आणि कॅमेऱ्यासाठी बनवलेली मोठी सॅक रिकामीच दीड ते अडीच किलोची असते. बेरीज नऊ किलोच्या आसपास जाते, आणि अजून आत ना कपडा गेलाय ना खाण्याचं काही.

ट्रेकिंगमध्ये एक ढोबळ प्रमाण वापरतात: एका दिवसाच्या चालीला स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत ओझं, मुक्कामी भटकंतीला २० टक्क्यांपर्यंत. ६० किलोच्या माणसासाठी हे अनुक्रमे ६ आणि १२ किलो होतात. वरची यादी बघा. दिवसाची मर्यादा कधीच ओलांडली. अशा वेळी जगातली सर्वोत्तम सॅकही खांदे वाचवू शकत नाही.

वजन कमी करायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे ‘लागली तर असू दे’ म्हणून घेतलेली लेन्स. तिचा निकाल भावनेवर सोडू नका. फोटो ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवता, तिथे लेन्सनुसार फोटो गाळून बघता येतात. मागच्या दोन-चार भटकंत्यांमध्ये त्या लेन्सने काढलेले आणि तुम्ही खरोखर ठेवलेले फोटो किती, ते मोजा. पुष्कळांना तिथे धक्का बसतो. दुसरं, लेन्सची आवृत्तीही बघा. वर दिलेल्या दोन लेन्सच्या पहिल्या आवृत्त्या ८८६ आणि १,४८० ग्रॅमच्या होत्या. म्हणजे दोन्ही बदलल्या तर सव्वासहाशे ग्रॅम कमी होतात. कुठलीही नवी सॅक एवढी बचत क्वचितच करते. नुसती सॅक हलकी घ्यायला गेलं तर बहुधा फ्रेम (सॅकचा ताठ सांगाडा) आणि कंबरपट्टा जातो, आणि दुखणं उलट वाढतं.

पाठीची लांबी: जी कुणी मोजत नाही

सॅक विकताना लिटर सांगतात, खण किती ते सांगतात, लॅपटॉप किती इंचाचा बसतो तेही सांगतात. पाठीची लांबी मात्र फार थोडे विक्रेते विचारतात. आणि खांदेदुखीचा सगळ्यात जवळचा संबंध याच मापाशी आहे. उंचीवरून ते काढता येत नाही. सारख्याच उंचीच्या दोघांमध्ये एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड लांब असतं.

मोजायला कपड्याची टेप आणि मदतीला एक माणूस लागतो. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी सगळ्यात वर आलेलं हाड हाताला लागतं. तो मानेचा सातवा मणका, तिथून टेप सुरू. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की तळवे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील आणि अंगठे मागे पाठीकडे येतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथे टेप संपते. पाठीच्या वळणाबरोबर टेप जाऊ द्या, ताणून सरळ करू नका. मोठ्या माणसांमध्ये हे माप साधारण ३८ ते ५५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं.

आता सॅकचं माप बघा. ट्रेकिंगच्या चांगल्या सॅक एकतर लहान-मध्यम-मोठ्या अशा लांबीत येतात, किंवा त्यांचे खांद्याचे पट्टे वर-खाली सरकवता येतात. कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये ही सोय मोजक्याच ठिकाणी मिळते, कारण तिथे सगळं लक्ष आतल्या कप्प्यांकडे असतं. बहुसंख्य कॅमेरा सॅक एकाच मापाच्या असतात. ते माप तुमचं असेल तर नशीब.

माप चुकलं की काय होतं ते आरशात दिसतं. सॅक पाठीपेक्षा आखूड असेल तर कंबरपट्टा हाडावर न बसता पोटावर चढतो, आणि तो खाली ओढून घ्यावा तर खांद्याचे पट्टे खांद्यात रुततात. लांब असेल तर उलट: कंबरपट्टा बरोबर बसतो, पण पट्टे आणि खांदा यांच्यात पोकळी राहते, सॅक मागे झुलते आणि तिचा वरचा भाग डोक्याला लागतो. यातलं काहीही दिसलं आणि तुमच्या सॅकचे पट्टे सरकत नसतील तर पुढचे उपाय थोडाफारच आराम देतील. ही एकच गोष्ट सॅक बदलण्यासाठी पुरेसं कारण आहे.

स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सॅकमध्ये साधारणपणे पाठ आखूड, पट्टे मानेजवळ अरुंद आणि जास्त वळणदार, आणि कंबरपट्टा जास्त तिरका असतो. लेबल कुणाचं आहे हे न बघता घालून बघा. अरुंद खांद्यांच्या पुरुषांनाही त्या कित्येकदा चांगल्या बसतात, आणि रुंद खांद्यांच्या स्त्रियांना बसत नाहीत.

कंबरपट्टा आहे, पण काम करतो का?

१९५२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल इथे डिक केल्टी यांनी ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक बनवून विकायला सुरुवात केली. फ्रेम ते वाकवायचे, शिवणकाम त्यांच्या पत्नी नेना करायच्या. ओझं खांद्यावरून कमरेवर आणणारा पट्टा त्यांच्या सॅकमुळेच प्रचारात आला. फ्रेम सॅकच्या आत घालण्याची पद्धत आणली ती ग्रेग लो या गिर्यारोहकाने, १९६७ मध्ये. कॅमेऱ्याच्या बॅगांमधलं लोवप्रो हे नाव त्याचंच. थोडक्यात, ट्रेकिंगची सॅक आणि कॅमेऱ्याची सॅक यांचं मूळ घराणं एकच. मग कॅमेऱ्याच्या सॅकला कंबरपट्टा म्हणून दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची नुसती पट्टी शिवून का विकतात, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. ती पट्टी सॅक हलू देत नाही, एवढंच. वजन ती घेऊच शकत नाही.

वजन घेणाऱ्या पट्ट्याला तीन गोष्टी लागतात. तो रुंद आणि थोडा ताठ असावा, कमरेच्या हाडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा असावा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो सॅकच्या फ्रेमला जोडलेला असावा. फ्रेम म्हणजे आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, तार किंवा प्लॅस्टिकचा कडक पत्रा. फ्रेम नसेल तर वरचं वजन खाली पोचायला रस्ताच नाही.

चाचणी सोपी. भरलेली सॅक घाला, कंबरपट्टा हाडावर बसवून घट्ट करा, आणि खांद्याचे दोन्ही पट्टे पूर्ण सैल सोडा. सॅक जागेवर उभी राहिली आणि वजन कमरेवर जाणवलं तर फ्रेम काम करते आहे. सॅक मधोमध दुमडली, गोळा होऊन खाली बसली किंवा पट्टा घसरत मांडीकडे निघाला, तर तुमचे खांदे आजवर सगळं वजन एकटेच वाहत होते.

पट्टे बांधण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे, आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. सॅक चढवण्याआधी सगळे पट्टे सैल करा. आधी कंबरपट्टा: त्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर यावा, म्हणजे पट्ट्याची वरची कड हाडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर. तो आधी आवळा. मग खांद्याचे पट्टे खालून ओढा, फक्त सॅक पाठीला टेकेपर्यंत. त्यानंतर खांद्याच्या वर असलेले छोटे पट्टे, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात. ते सॅकचा माथा अंगाकडे ओढतात. बाजूने पाहिलं तर ते खांद्यापासून सॅककडे साधारण ४५ अंशांत वर जायला हवेत. ते आडवे किंवा खाली झुकलेले दिसत असतील तर सॅक आखूड आहे. शेवटी छातीचा पट्टा, गळ्याच्या हाडांच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली, श्वास सहज पूर्ण घेता येईल इतपतच. पुष्कळ जण नेमकं उलट्या क्रमाने बांधतात. आधी खांदे आवळले की सॅक वर उचलली जाते, आणि नंतर कंबरपट्ट्याला हाडावर जागाच उरत नाही.

चालताना तासा-दीडतासाने कंबरपट्टा पुन्हा आवळा. फोम दबतो, कपडे सरकतात, पाणी कमी होतं. काही वेळ खांद्याचे पट्टे किंचित सैल करून सगळं वजन कमरेवर घ्या, मग थोडं परत खांद्यांवर. नुसत्या या अदलाबदलीनेही दिवसाअखेर फरक जाणवतो.

सॅक मागे ओढते

माप बरोबर, कंबरपट्टा बरोबर, तरी चालताना सतत पुढे वाकावं लागतं. याचं कारण आतल्या मांडणीत असतं. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर पेलते, तीच हात लांब करून धरली तर क्षणात जड होते. पाठीवरही तसंच घडतं. तीन किलोचं सामान पाठीपासून १० सेंटिमीटरवर असण्याऐवजी २५ सेंटिमीटरवर असेल तर मागे खेचणारा परिणाम अडीच पट होतो. शरीर तो पुढे झुकून भरून काढतं, आणि ते काम खालची पाठ आणि मान करत राहतात.

कॅमेऱ्याच्या बाबतीत यात एक खास गोम आहे. क्यूब जितका खोल, तितकं वजन बाहेर जातं. खोल क्यूबमध्ये मोठी लेन्स पाठीला काटकोनात उभी ठेवायचा मोह होतो, आणि तिचं पुढचं जड काच-टोक सॅकच्या बाहेरच्या बाजूला जातं. लेन्स पाठीला समांतर, आडवी किंवा उभी, पण लगटून बसेल असा उथळ आणि लांब क्यूब निवडा. सामान तेवढंच बसतं, वजन मात्र जवळ येतं. कपडे, जॅकेट, टॉवेल असं हलकं सामान बाहेरच्या बाजूला. पाणी एकाच बाटलीत न ठेवता दोन्ही कडेच्या खिशांत निम्मं-निम्मं, आणि पितानाही आलटून-पालटून.

ट्रायपॉड एका कडेला अडकवला की सॅक त्या बाजूला कलते, आणि एकच खांदा दुखतो. एकाच बाजूचा खांदा दुखत असेल तर बाकी काही बघण्याआधी ट्रायपॉड कुठे आहे ते बघा. समोरच्या खिशाबाहेर मधोमध लावला तर तोल जातो मागे, कारण ती सॅकमधली पाठीपासून सगळ्यात लांबची जागा. त्यातल्या त्यात बरी तडजोड म्हणजे ट्रायपॉड कडेला ठेवून दुसऱ्या कडेला भरलेली बाटली. ट्रायपॉडचं हेड, म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा भाग, काढून आत ठेवता आलं तर आणखी बरं, कारण वजनाचा बराच भाग तिथे असतो.

आणि पाठीशी हवा खेळती ठेवणाऱ्या, ताणलेल्या जाळीच्या सॅक. घामासाठी त्या उत्तम, पण कॅमेऱ्यासाठी मी त्या टाळतो. जाळी ताणली राहावी म्हणून त्यांची फ्रेम धनुष्यासारखी वाकवलेली असते. त्यामुळे सगळं सामान काही सेंटिमीटर मागे जातं, शिवाय आतली जागा वक्र होते आणि चौकोनी क्यूब त्यात नीट बसत नाही. कोपऱ्यांत जागा वाया जाते आणि क्यूबची कड आतून फ्रेमवर घासत राहते.

कॅमेरा वेळेवर हातात येत नाही

हे दुखणं खांद्याचं वाटत नाही, पण तिथेच येऊन थांबतं. कॅमेरा काढायला त्रास होतो म्हणून लोक तो गळ्यात अडकवून चालतात, आणि मग सगळ्यात जड वस्तू मानेवर लटकते.

सॅक पाठीच्या बाजूने उघडणारी असेल तर तिचा फायदा मोठा: ती तोंडावर पालथी ठेवली जाते, चिखल बाहेरच्या कापडाला लागतो, आणि अंगाला लागणारी बाजू कोरडी राहते. शिवाय गर्दीत मागून कुणी चेन उघडू शकत नाही. तोटा असा की दरवेळी सॅक उतरवावी लागते. कडेने उघडणाऱ्या सॅकमध्ये एक पट्टा काढून सॅक पोटाकडे फिरवली की कॅमेरा मिळतो. मात्र त्यासाठी कंबरपट्टा सोडावा लागतो, आणि मोठी लेन्स लावलेली बॉडी त्या छोट्या तोंडातून बहुधा निघत नाही. फक्त वरून उघडणाऱ्या ट्रेकिंग सॅकमध्ये क्यूब तळाशी टाकणं म्हणजे कॅमेरा मुक्कामावर पोचल्यावरच बाहेर येणार, हे मान्य करणं.

चालता-चालता फोटो काढायचे असतील तर खांद्याच्या पट्ट्यावर लागणारी धातूची क्लिप हा मला सगळ्यात उपयोगी पर्याय वाटतो. कॅमेरा समोर येतो, आणि मागच्या ओझ्याला थोडा प्रतिभार मिळतो. पण तिच्याही अटी आहेत. पट्टा फार जाड किंवा फार रुंद असेल तर क्लिप बसत नाही, म्हणून सॅक घेतानाच हे तपासा. ७०-२०० सारखी लेन्स लावलेला कॅमेरा एका खांद्याला ओढतो आणि चालताना छातीवर आपटतो. क्लिप छोट्या लेन्ससाठीच ठेवा. आणि क्लिपचे स्क्रू, तसेच क्लिपमध्ये अडकणाऱ्या कॅमेऱ्याखालच्या प्लेटचा स्क्रू, रोज सकाळी आवळून बघा. चालण्याच्या हादऱ्यांनी ते सैल होतात.

रेनकव्हर असूनही आत ओल

रेनकव्हर सॅकच्या तीन बाजू झाकतं. चौथी, पाठीची, उघडीच असते. पावसात पाणी मानेवरून, पाठीवरून ओघळतं आणि तिथल्या फोममधून, शिलाईतून आत शिरतं. पाठीच्या बाजूने उघडणाऱ्या सॅकमध्ये तर नेमकी तिथेच चेन असते. वर लकाकी असलेल्या, पाणीरोधक म्हणवणाऱ्या चेनसुद्धा पाणी परतवतात, पूर्णपणे अडवत नाहीत. कव्हरच्या तळाला पाणी जायला छिद्र नसेल तर तिथे तळं साचतं आणि क्यूब त्यात बसतो.

उपाय आतून करायचा. क्यूब किंवा निदान बॉडी-लेन्स, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगमध्ये ठेवा, आणि रेनकव्हर वरून तसंच राहू द्या. पाण्याची पिशवी, जिच्यातून नळीने पाणी पितात, ती क्यूबच्या वरच्या खणात ठेवू नका. तिचं झाकण आडव्या आट्यांवर बसलं की ती हळूहळू झिरपते, आणि हे कळतं ते संध्याकाळी. बाटल्या बाहेर, कॅमेरा आत, हे साधं धोरण बरं.

थंड हवेतून उबदार खोलीत किंवा वातानुकूलित खोलीतून दमट हवेत गेलं की काचेवर बाष्प धरतं. सॅक लगेच उघडू नका. क्यूबचा फोम तापमान हळूहळू बदलू देतो, म्हणून तो बंदच ठेवून तासभर थांबा. फार थंडीतून येत असाल तर बाहेर असतानाच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला, म्हणजे बाष्प पिशवीवर धरेल.

घरी आल्यावर सामान त्याच क्यूबमध्ये पडून राहणं हे बुरशीला आमंत्रण. फोम ओल धरून ठेवतो. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्सवर बुरशी वाढू शकते. ४० ते ५० टक्के सुरक्षित मानतात. सिलिका जेलच्या पुड्या एका मर्यादेनंतर भरतात आणि नुसत्या पडून राहतात. रंग बदलणाऱ्या घ्या आणि रंग बदलला की त्या वाळवा.

विमानाच्या केबिनमध्ये अडचण

इथे पाठीचं माप आणि विमान कंपनीचं माप यांचं भांडण लागतं. केबिनमधल्या सामानाची कमाल लांबी पुष्कळ ठिकाणी ५५ सेंटिमीटरच्या आसपास असते, आणि लांब पाठीसाठीच्या मोठ्या सॅकची फ्रेम त्याहून उंच असू शकते. वजनाची मर्यादा अनेक कंपन्यांत ७ किंवा ८ किलोची. वर केलेली बेरीज आठवून बघा. बुकिंग केलेल्या कंपनीचा नियम आधी वाचा, कारण तो कंपनीगणिक बदलतो.

बॅटऱ्यांचा नियम मात्र सगळीकडे जवळपास सारखा आहे: सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या, चेक-इन सामानात नाही. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही; १०० ते १६० च्या असतील तर कंपनीची परवानगी, आणि सुट्या दोनच. कॅमेऱ्याची बॅटरी यात सहज बसते. ७.२ व्होल्ट आणि २,२८० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे सुमारे १६.४ वॉट-अवर. टोकं झाकलेली हवीत. आणि गडबड होते ती दारात: जागा नाही म्हणून ऐनवेळी सॅक खाली सामानात टाकायला मागतात. त्या क्षणी बॅटऱ्या बाहेर काढाव्याच लागतात. म्हणून बॅटऱ्या एका छोट्या पाकिटात वरच ठेवा, आणि क्यूब असा घ्या जो चेन लावून, हँडलला धरून अख्खा बाहेर काढता येतो.

बधिरपणा आला तर

दुखणं वेगळं आणि बधिरपणा वेगळा. हाताला मुंग्या येणं, बोटं बधिर होणं, हात उचलायला जोर न लागणं ही खांद्याजवळून जाणाऱ्या नसा दाबल्या गेल्याची लक्षणं असू शकतात. जड सॅक कंबरपट्ट्याशिवाय वाहणाऱ्यांत हा त्रास माहीत असलेला आहे. मांडीची बाहेरची बाजू बधिर होत असेल तर उलट कंबरपट्टा जास्त आवळलेला असतो किंवा फार खाली बसलेला असतो. दोन्ही बाबतींत तिथेच थांबा, सॅक उतरवा, वजन कमी करा. हाताचा अशक्तपणा सॅक उतरवल्यावरही राहिला तर डॉक्टरांकडे जा. पट्टे सैल-घट्ट करून तो बरा करायचा प्रयत्न करू नका.

आणि बदलायचीच असेल तर

दोन-तीन किलोपर्यंतच कॅमेऱ्याचं सामान, आणि बाकी मुक्कामाचं: अशा भटकंतीला मी कॅमेरा सॅकच्या नादी लागणार नाही. स्वतःच्या मापाची ट्रेकिंग सॅक, जिची पाठीची किंवा समोरची चेन मोठी उघडते, आणि तिच्यात वेगळा घेतलेला उथळ क्यूब. फ्रेम मिळते, कंबरपट्टा मिळतो, आणि उद्या कॅमेरा नको असेल तर क्यूब घरी राहतो. सामान चार-पाच किलोच्या वर असेल, लांब लेन्स असतील आणि दिवसातून कितीतरी वेळा सॅक उघडायची असेल, तर मात्र खास कॅमेऱ्यासाठी बनवलेली, पण पट्टे सरकणारी आणि खरी फ्रेम असलेली सॅक शोधा. अशा थोड्या आहेत, पण आहेत.

लिटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. मोजण्याची प्रमाण पद्धत आहे, एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेची एफ २१५३; तिच्यात २० मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या भरून जागा मोजतात. पण सगळेच उत्पादक तीच वापरतात असं नाही, आणि क्यूबच्या भिंती, दुभाजक स्वतःच जागा खातात. ४० लिटरच्या सॅकमध्ये मोठा क्यूब घातल्यावर कपड्यांना उरलेली जागा बघून माणसं हमखास चकित होतात.

कापडाच्या बाबतीत डेनिअरचा आकडा म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तर धागा जाड, सॅक जड. तळाला जाड आणि बाकी २१० ते ४२० डेनिअरचं नायलॉन, एवढं चालणाऱ्याला पुरतं. वापरलेली सॅक घेत असाल तर आतला लेप हाताने चाचपून बघा. पॉलियुरेथेनचा लेप वर्षानुवर्षं ओलसर जागी राहिला की चिकट होतो, सोलपटतो आणि आंबट वास मारतो. अशी सॅक कितीही चांगल्या नावाची असली तरी कॅमेरा तिच्यात ठेवू नका. लेपाचे कण लेन्सवर येतात.

दुकानात जाताना स्वतःचा भरलेला क्यूब बरोबर न्या, सॅकमध्ये घाला, आणि किमान वीस मिनिटं अंगावर ठेवून जिने चढा-उतरा. ऑनलाइन मागवली असेल तर तेच घरात करा, टॅग न काढता, परत पाठवायची मुदत संपायच्या आत. खांद्याचे पट्टे सैल सोडण्याची चाचणी दोन्हीकडे करा. तिथे ती उभी राहिली नाही, तर बाकीचे खण मोजत बसू नका.